उमेदवाराचे शपथपत्र वाचून नेत्यावर विश्वास ठेवता येतो का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या मतदारसंघातील आमदारांनी २०१९ च्या निवडणुकीत जाहीर केलेली मालमत्ता २०२४ च्या शपथपत्रात जवळपास चौपट दिसते, आणि गावात तर खरा आकडा याच्याही कितीतरी पुढे असल्याचे सर्रास बोलले जाते. मग जो माणूस शपथेवर खोटे लिहितो त्याच्या इतर शब्दांवर विश्वास का ठेवावा, आणि ठेवायचा नसेल तर त्या शपथपत्राचा उपयोग तरी काय? मी जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करतो आणि निवडणुकीच्या हंगामात वेगवेगळ्या पक्षांच्या, तसेच अपक्ष उमेदवारांची नामनिर्देशनपत्रे व शपथपत्रे तयार करून देतो. त्यामुळे हे उत्तर त्या टेबलावरून दिसणारे आहे. राज्यशास्त्राचा अभ्यासक कदाचित वेगळे सांगेल.

आपल्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत. शपथपत्र खोटे आहे का, हा पहिला. त्याचे उत्तर कागदपत्रांवरून देता येते. नेता विश्वासास पात्र आहे का, हा दुसरा; आणि त्याचे उत्तर पहिल्या प्रश्नातून आपोआप निघत नाही. माझा अनुभव असा की शपथपत्रात धडधडीत खोटे लोकांना वाटते त्यापेक्षा बरेच कमी असते. लोकांचा विश्वास ज्या गोष्टींमुळे उडतो त्यांतील बहुतेक गोष्टी शपथपत्रात विचारल्याच जात नाहीत, आणि म्हणून त्या लपवण्यासाठी खोटे बोलण्याची गरजच पडत नाही. मालमत्ता का वाढली याचे नेमके उत्तर आपल्या आमदारांचे कागद पाहिल्याशिवाय मला देता येणार नाही, पण ते कसे शोधायचे हे सांगता येईल.

ही शपथपत्रे राजकीय पक्षांनी आपणहून दिलेली नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी निकाल दिला की उमेदवाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता आणि शिक्षण जाणून घेणे हा मतदाराचा अधिकार आहे. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्या निकालाविरुद्ध मात्र एकत्र आले. आधी अध्यादेश आणि मग कायद्यात दुरुस्ती करून, न्यायालयाने काहीही म्हटले तरी कायद्यात सांगितलेल्या माहितीपलीकडे उमेदवाराने काही देण्याची गरज नाही, असे कलम घालण्यात आले. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. आज उमेदवाराच्या शपथपत्राचा जो ठरलेला नमुना, म्हणजे नमुना २६, भरला जातो तो या झगड्यातून आलेला आहे, आणि तो भरून देणाऱ्यांची वृत्तीही बरीचशी तशीच, म्हणजे मागितले तेवढेच देण्याची, राहिली आहे.

हा नमुना प्रत्यक्षात कसा भरला जातो ते सांगतो. उमेदवार स्वतः क्वचितच समोर असतो. तो प्रचारात किंवा तिकिटाच्या धावपळीत असतो. येतात ते त्याचे बंधू किंवा स्वीय सहायक, एक सनदी लेखापाल आणि दोरीने बांधलेली फुगलेली फाईल. सातबारे, फेरफार, वाहनांची नोंदणी पुस्तके, बँकांचे उतारे, विमा पॉलिसी, आयकर विवरणपत्रांच्या पोचपावत्या असा सगळा पसारा टेबलावर पडतो. पत्नीच्या नावावरील सोन्याचे वजन फोन करून विचारले जाते आणि पलीकडून बहुधा उलट प्रश्न येतो की मागच्या वेळी किती लिहिले होते. 'मागचे काढा' हे त्या रात्री सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे वाक्य असते. म्हणूनच आपल्याला सलग तीन निवडणुकांत तेवढेच तोळे सोने दिसते. मधल्या काळात त्या घरात दोन लग्ने झालेली असली तरी. जिथे सांगण्यासारखे काही नाही तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' असे लिहावे लागते, आणि आम्ही वकील मंडळी सर्वांत जास्त काळजी याच शब्दांची घेतो. कारण रकाना कोरा राहिला तर अर्ज बाद होऊ शकतो.

यातला विरोधाभास समजून घेण्यासारखा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रिसर्जन्स इंडिया प्रकरणात स्पष्ट केले की कोरे रकाने ठेवणे म्हणजे मतदाराचा माहितीचा अधिकार नाकारणे होय, आणि सूचना देऊनही उमेदवाराने ते भरले नाहीत तर निवडणूक निर्णय अधिकारी अर्ज फेटाळू शकतो. मात्र रकाना भरलेला असेल आणि त्यातील मजकूर खोटा असेल, तर छाननीच्या टेबलावर त्याची चौकशी करण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला नाही. म्हणजे जो काहीच लिहीत नाही तो त्याच दिवशी अडकतो आणि जो खोटे लिहितो तो निवडणूक लढवतो, जिंकतो, शपथ घेतो, आणि त्यानंतर कोणी न्यायालयात गेले तर प्रकरण सुरू होते.

ते प्रकरण किती काळ चालते याचे महाराष्ट्रातील नोंदलेले उदाहरण म्हणजे किसन शंकर कथोरे विरुद्ध अरुण दत्तात्रय सावंत. २००४ मधील अंबरनाथ विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीविषयीची ही याचिका होती. विजयी उमेदवार श्री. कथोरे यांच्या पत्नीच्या नावावरील बंगला व वाहन आणि एका भागीदारी संस्थेतील हिस्सा शपथपत्रात दाखवला नव्हता, असा आक्षेप होता. वीजबिलाच्या थकबाकीचाही होता. मुंबई उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०१४ रोजी तो निर्णय कायम केला. थकबाकीचा मुद्दा त्यांनी फारसा गंभीर मानला नाही, पण मालमत्ता न दाखवणे गंभीर मानले. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल फार महत्त्वाचा आहे आणि आजही आम्ही तो उमेदवारांना दाखवतो. परंतु २००४ ची ती विधानसभा २००९ मध्येच संपली होती, आणि तोपर्यंत श्री. कथोरे मुरबाडमधून पुन्हा निवडूनही आले होते. निवडणूक याचिका शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे लोकप्रतिनिधित्व कायद्यातच लिहिलेले आहे.

निवडणूक याचिकेखेरीज फौजदारी मार्गही आहे. त्याच कायद्याच्या कलम १२५ अ नुसार माहिती दडवणे किंवा खोटी माहिती देणे हा गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पण ते निवडून येण्याच्या हेतूने केले, आणि माहिती खोटी असल्याचे त्याला ठाऊक होते किंवा तसे मानण्यास कारण होते, हे दाखवावे लागते. आणि माहिती वकिलाने भरली, लेखापालाने आकडे दिले, सही शेवटच्या तासाला झाली, अशा परिस्थितीत ते दाखवणे कठीण जाते. देवेंद्र फडणवीस यांच्या २०१४ च्या शपथपत्रात दोन जुनी प्रकरणे नमूद नसल्याची तक्रार झाली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती तक्रार पुन्हा चालवण्याचा मार्ग मोकळा केला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. तो निर्णय मान्य असो वा नसो, प्रश्नाचा निकाल लागण्यास नऊ वर्षे लागली आणि त्या काळात मतदाराला आपले मत स्वतःच बनवावे लागले. शिवाय केवळ कलम १२५ अ खाली शिक्षा झाली तरी त्यामुळे आमदारकी जात नाही, कारण अपात्रतेच्या यादीत हे कलम नाही. शिक्षा किमान दोन वर्षे करावी आणि या गुन्ह्याला अपात्रता जोडावी, अशी शिफारस विधी आयोगाने आपल्या २४४ व्या अहवालात २०१४ मध्ये केली होती. ती अजून शिफारसच आहे.

दुसऱ्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की प्रत्येक चूक म्हणजे लबाडी नव्हे. अरुणाचल प्रदेशातील कारिखो क्री यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये म्हटले की उमेदवाराने घरातील प्रत्येक जंगम वस्तू जाहीर करणे अपेक्षित नाही. जी वस्तू इतकी मौल्यवान आहे की तिच्यावरून त्याची संपत्ती किंवा राहणीमान कळावे, ती न सांगणे गंभीर ठरते. मला हा दृष्टिकोन योग्य वाटतो. विकलेली पण नावावरून न उतरलेली जुनी मोटारसायकल शोधून काढून कोणी कोणाला खोटारडे ठरवू लागले, तर खरा प्रश्न बाजूलाच राहतो.

आता आपल्या 'चौपट' या आकड्याकडे येतो. एकूण रकमेची तुलना वर्तमानपत्रांना सोयीची असते, पण तिच्यातून कळते फार थोडे. नमुना २६ मध्ये स्थावर मालमत्तेचे अंदाजे चालू बाजारमूल्य लिहायचे असते. मागच्या वेळी कोणी रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी, दर धरला असेल आणि या वेळी प्रत्यक्ष व्यवहाराचा, तर एक गुंठाही जमीन न घेता आकडा दुप्पट होतो. गावाशेजारून महामार्ग गेला, जमीन अकृषिक झाली, वडिलांच्या पश्चात वारसाने नाव लागले किंवा भावांत वाटणी झाली, तरी आकडा उडी घेतो. म्हणून मी कोणालाही सांगतो की एकूण बेरीज बाजूला ठेवा आणि दोन्ही शपथपत्रे समोरासमोर ठेवून गट क्रमांक जुळवा. जो गट क्रमांक नव्याने आला आहे त्याच्यासमोर तो स्वकष्टार्जित की वारसाहक्काने मिळालेला, खरेदीची तारीख आणि खरेदीची किंमत हे लिहिलेले असते. अशा सर्व नव्या खरेदींची बेरीज करा. मग पहिल्या पानांवर पाच वर्षांचे विवरणपत्रातील उत्पन्न असते, ते पाहा. आणि शेवटी कर्जाचा तक्ता वाचा. घेतलेली कर्जे, विकलेली मालमत्ता आणि दाखवलेले उत्पन्न यांतून ती खरेदी बसते का, हा खरा प्रश्न आहे.

यात एक मेख आहे. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असते, त्यामुळे पाच वर्षांच्या उत्पन्नाच्या रकान्यात ते पूर्ण दिसेलच असे नाही, आणि 'व्यवसाय : शेती' एवढ्या दोन शब्दांत पुष्कळ काही सामावते. खरोखर बागायत असलेला उमेदवार आणि कोरडवाहू चार एकरांवर बंगला बांधणारा उमेदवार या रकान्यात सारखेच दिसतात. सातबाऱ्यावरील पीकपाहणी काढून पाहिली तर मात्र ते सारखे दिसत नाहीत. उत्पन्नाचे स्रोत सांगण्याचे बंधन सर्वोच्च न्यायालयाने लोक प्रहरी प्रकरणात फेब्रुवारी २०१८ मध्ये ठामपणे घातले, पण स्रोताचे नाव सांगणे आणि त्याचा हिशोब देणे यांत अंतर राहिलेच. कर्जाच्या तक्त्यात बँकेपेक्षा व्यक्ती आणि खासगी कंपन्यांकडून घेतलेल्या बिनतारण रकमा जास्त असतील तर तिथे थोडे थांबावे. देणारा कोण आहे आणि त्याला सरकारी कामाचा ठेका मिळालेला आहे का, हे पाहण्यासारखे असते.

मात्र या सर्व वाचनानंतरही महाराष्ट्रातील नेत्याची सत्ता शपथपत्रात सापडत नाही, आणि माझ्या मते मूळ दुखणे इथे आहे. नमुना मालकीविषयी विचारतो. आपल्याकडची सत्ता मालकीत नसून ताब्यात असते. शिक्षणसंस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असते, साखर कारखाना, दूध संघ आणि सूतगिरणी सहकारी असते, पतसंस्था सभासदांची असते. त्यांच्या जमिनी, इमारती आणि ठेवी अध्यक्षाच्या नावावर नसतात, म्हणून शपथपत्रात येत नाहीत, आणि कायद्याने येऊही नयेत. पण प्राध्यापकाची नेमणूक कोणाच्या शब्दावर होते, उसाची तोड कोणाची आधी येते आणि कर्ज कोणाचे मंजूर होते, हे तालुक्यातील प्रत्येकाला माहीत असते. त्याचप्रमाणे स्वतःखेरीज पती किंवा पत्नी, अविभक्त हिंदू कुटुंब आणि अवलंबित व्यक्ती यांचीच मालमत्ता जाहीर करायची असते. स्वतंत्र उत्पन्न असलेला सज्ञान मुलगा, सून, जावई, भाऊ यांतले कोणीही या व्याख्येत बसत नाही. म्हणजे उमेदवार अक्षरशः खरे लिहितो, मी ते खरे असल्याचे कागद पाहूनच लिहितो, नोटरी शिक्का मारतो, आणि तरीही ते वाचून गावकरी हसतात. त्या हसण्याला लोक 'नेत्यांचा खोटेपणा' म्हणतात. मी त्याला अपुरा प्रश्न विचारण्याचा परिणाम म्हणतो.

निवडणूक खर्चाच्या बाबतीत तर हे आणखी उघडे पडते. गोपीनाथ मुंडे यांनी जून २०१३ मध्ये मुंबईतील एका जाहीर कार्यक्रमात सांगितले की २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्याला आठ कोटी रुपये खर्च आला. त्या वेळी कायदेशीर मर्यादा २५ लाख होती आणि त्यांनी सादर केलेला हिशोब तिच्या आत होता. निवडणूक आयोगाने नोटीस काढली, बोलणे शब्दशः घेऊ नये असा खुलासा झाला आणि ते प्रकरण मोठ्या कारवाईविना मिटले. त्या विधानाने सभागृहातील कोणालाही धक्का बसला नव्हता, ही बाब मला आजही जास्त बोलकी वाटते. आज विधानसभेसाठी मर्यादा ४० लाख आणि लोकसभेसाठी ९५ लाख आहे. निकालानंतर तीस दिवसांत हिशोब द्यावा लागतो. आणि ते हिशोब मर्यादेच्या आत बसवलेले असतात. मतदार, कार्यकर्ता, मांडववाला आणि उमेदवार असे सगळेच ज्या आकड्याला आकडा मानत नाहीत, त्यातून अविश्वास निर्माण होतो असेही म्हणता येत नाही. तो आधीच धरून चाललेला असतो.

इथवरचे सांगायचे तर, शपथपत्रातील नोंदी तपासता येतात, त्यांतील खोटे सिद्ध करण्याचा मार्ग आहे पण तो लांबचा आहे, आणि सत्तेचा मोठा भाग नमुन्याबाहेर राहतो. आश्वासने मोडणे आणि पक्ष बदलणे हा आणखी वेगळा विषय आहे. जाहीरनाम्यातील आश्वासन हा भ्रष्ट आचार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तामिळनाडूच्या बालाजी प्रकरणात सांगितले. पक्षांतराविरुद्ध १९८५ पासून राज्यघटनेचे दहावे परिशिष्ट आहे. २०२२ नंतरच्या फुटींमध्ये त्याचा किती उपयोग झाला हे आपण सर्वांनी पाहिले. ११ मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि १० जानेवारी २०२४ चा विधानसभाध्यक्षांचा निर्णय यांवर मी कोर्टाबाहेर मत देणार नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या सामान्य पक्षकारांच्या बोलण्यात विश्वासघात हा शब्द मालमत्तेपेक्षा या घडामोडींविषयी जास्त येतो, आणि त्यात दोन्ही बाजूंचे मतदार असतात.

मग विश्वास कशावर ठेवावा? मी स्वतः उमेदवाराच्या चारित्र्याचा अंदाज बांधत नाही; तो बांधण्याइतकी ओळख मतदाराची नसतेच. मी त्याने वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हेतूने दिलेली कागदपत्रे एकमेकांशी जुळतात का एवढेच पाहतो. महाभूलेखवर सातबारा पाहता येतो, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या खरेदी-विक्रीचा गोषवारा, शोधता येते, कंपन्यांचे संचालक कंपनी मंत्रालयाच्या नोंदीत असतात, न्यायालयीन प्रकरणे ई-कोर्ट्सवर असतात. संस्थेच्या विश्वस्तांची नावे आणि त्यांतील बदल धर्मादाय आयुक्तालयातील परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर व फेरफार अहवालांत सापडतात, आणि माझ्या मते हा उतारा शपथपत्राइतकाच महत्त्वाचा आहे, जरी तो मागायला फारसे कोणी जात नाही. या सर्व ठिकाणी एकच माणूस दिसत असेल तर त्याच्या बोलण्याला मी थोडे जास्त वजन देतो. एका ठिकाणी तो भूमिहीन आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचा वाहनचालक विश्वस्त असेल, तर देत नाही.

गुन्ह्यांच्या बाबतीत आपले काम थोडे सोपे झाले आहे. प्रलंबित गुन्हे असलेल्या उमेदवाराला ती माहिती प्रचारकाळात तीन वेळा प्रसिद्ध करावी लागते, आणि फेब्रुवारी २०२० च्या आदेशानुसार पक्षालाही असा उमेदवार का निवडला याची कारणे जाहीर करावी लागतात. केवळ निवडून येण्याची क्षमता हे कारण चालत नाही. प्रत्यक्षात ती कारणे 'समाजकार्यातील सक्रिय सहभाग' अशा साच्यातली असतात आणि जाहिरात वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरात छापली जाते. तरीही गुन्हा कोणता आहे ते पाहावे. आंदोलनातील जमावबंदीचे कलम आणि फसवणुकीचे कलम यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

आपल्या आमदारांबाबत काही ठोस तफावत सापडली तर काय करावे, हे शेवटी सांगतो. निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते, आणि २०२४ च्या निवडणुकीसाठी ती मुदत संपली आहे. कलम १२५ अ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येईल का, हे तफावत किती मोठी आहे, कागद प्रमाणित आहेत का आणि किती काळ लोटला आहे यावर अवलंबून राहील. संकेतस्थळावरच्या छापील प्रती पुरणार नाहीत, त्यामुळे आधी प्रमाणित नकला काढून मग वकिलाला भेटावे. त्याआधी आमदारांना लेखी विचारण्यास काहीच हरकत नाही. कधी कधी उत्तर साधे असते आणि ते मिळतेही. पुढच्या निवडणुकीसाठी मात्र एक सोपा मार्ग आहे, जो फार थोडे मतदार वापरतात. उमेदवाराच्या शपथपत्राला विरोध करणारे प्रतिशपथपत्र कोणीही सादर करू शकतो आणि ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला उमेदवाराच्या शपथपत्राप्रमाणेच लोकांसमोर ठेवावे लागते. त्यावरून अर्ज बाद होणार नाही, पण मतदानापूर्वी दोन्ही कागद शेजारी लागतात. अर्ज भरण्याची मुदत संपल्यावर दुसऱ्याच दिवशी छाननी असते आणि पुढचे सगळे दिवस प्रचाराच्या गडबडीचे असतात, तेव्हा सातबारे, सूचीच्या नकला आणि परिशिष्ट एकचा उतारा निवडणूक जाहीर होण्याच्या बऱ्याच आधी काढून ठेवावा. धर्मादाय कार्यालयातील नक्कल आठवड्याभरात मिळेल असे गृहीत धरू नये.